निकॉन डी५६०० : मोड डायलवरील दोन अक्षरांचे परीक्षण

निकॉन डी५६०० हा कॅमेरा २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला आणि आता तो प्रामुख्याने सेकंडहँड बाजारातच दिसतो. माझ्याकडचाही सेकंडहँडच आहे. चार वर्षांपूर्वी पुण्यातील एका दुकानातून १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससह, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या झूम लेन्ससह, मी तो घेतला, तेव्हा दुकानदाराने मोड डायल हिरव्या 'ऑटो'वर आणून ठेवली आणि "मॅडम, हिला इथून हलवू नका, फोटो छान येतात," असा सल्ला दिला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु त्याच डायलवर पी, एस, ए आणि एम ही चार अक्षरेही आहेत, आणि त्यांतील मधल्या दोन अक्षरांसाठीच हा कॅमेरा घडवला असावा, असे माझे मत हळूहळू बनत गेले. सेन्सर, ऑटोफोकस, व्हिडिओ यांविषयी आजवर भरपूर लिहून झाले आहे. त्यामुळे हे परीक्षण मी 'ए' म्हणजे ॲपर्चर प्रायॉरिटी आणि 'एस' म्हणजे शटर प्रायॉरिटी या दोन मोडपुरतेच ठेवते.

ज्यांनी अद्याप ऑटो सोडलेले नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की 'ए' मोडमध्ये लेन्सचे छिद्र किती उघडायचे हे आपण ठरवतो आणि त्याला जुळणारा शटर स्पीड कॅमेरा शोधतो. 'एस' मोडमध्ये शटर किती वेळ उघडे राहावे हे आपण ठरवतो आणि छिद्राचा आकार कॅमेरा निवडतो. हेच मोड कॅनन 'एव्ही' आणि 'टीव्ही' या नावांनी देते. माझ्या एका मैत्रिणीने त्यातील 'टीव्ही'चा संबंध बरेच दिवस दूरचित्रवाणीशी जोडला होता, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही; ते 'टाइम व्हॅल्यू'चे लघुरूप आहे हे डायल पाहून कोणाला कळावे?

शिकवण्या आणि पुस्तिका या दोन मोडची ओळख जुळ्या भावंडांसारखी करून देतात : एकाने खोली, म्हणजे जवळपासून दूरपर्यंत किती स्पष्ट दिसावे ते, सांभाळायचे, दुसऱ्याने हालचाल. डी५६०० हाताळताना मात्र ही भावंडे समान ताकदीची नाहीत हे लवकरच ध्यानात येते, आणि त्याचे कारण साध्या आकडेमोडीत आहे. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या अंतराला एक स्टॉप म्हणतात. या कॅमेऱ्याचे शटर ३० सेकंदांपासून १/४००० सेकंदापर्यंत चालते, म्हणजे त्याच्याकडे सुमारे १७ स्टॉपचा पल्ला आहे. छिद्राचे माप एफच्या आकड्यात सांगतात; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. किट लेन्सचे छिद्र १८ मिलिमीटरवर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्य देणाऱ्या टोकाला, एफ ३.५ पासून एफ २२ पर्यंत जाते, म्हणजे जेमतेम सव्वापाच स्टॉप. 'ए' मोडमध्ये आपण छिद्र ठरवले, की प्रकाशाचा हिशेब जुळवण्यासाठी कॅमेऱ्याच्या हातात १७ स्टॉप उरतात. 'एस' मोडमध्ये आपण शटर ठरवले, की त्याच्या हातात सव्वापाचच. पहिल्या मोडमध्ये कॅमेरा श्रीमंत असतो आणि दुसऱ्यात हातातोंडाशी गाठ असलेला. हा एक फरक नीट समजला, की दोन्ही मोडचे गुण आणि त्यांच्या खोडी आपोआप उलगडत जातात.

'ए' मोडपासून सुरुवात करते, कारण माझी दहापैकी आठ छायाचित्रे याच मोडमधील असतात. सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळच्या कास पठारावर मी दोन वर्षे लागोपाठ गेले. तिथे प्रश्न असा असतो, की पायाशी असलेली फुले आणि दूरवरचे ढग ही दोन्ही एकाच चौकटीत स्पष्ट हवी असतात. १८ मिलिमीटरवर एफ ८ ठेवून साधारण दोन मीटरवर फोकस केला, तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. म्हणजे एफ १६ किंवा एफ २२ पर्यंत जाण्याची गरज तिथे नसते, आणि जाऊही नये, कारण २४.२ मेगापिक्सेलच्या या लहान सेन्सरवर एफ ११ च्या पुढे छिद्र जितके बारीक करावे तितका विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तपशील मऊ पडत जातो. पहिल्या वर्षी मी "जास्त आकडा म्हणजे जास्त स्पष्ट" या समजुतीने सगळे फोटो एफ २२ वर काढले होते. ढगाळ हवेत शटर १/१५ पर्यंत उतरला, पठारावरच्या वाऱ्याने फुले डोलत राहिली, आणि घरी येऊन पाहते तर खडक स्पष्ट आणि फुले पुसट. हा दोष सर्वस्वी माझा होता. शटर किती उतरला आहे हे व्ह्यूफाइंडरच्या तळाशी कॅमेरा सारखे दाखवत होता आणि मी तिकडे पाहतच नव्हते.

हीच 'ए' मोडची मुख्य खोड आहे. पल्ला मोठा असल्यामुळे या मोडमध्ये कॅमेरा जवळजवळ कधीही हार मानत नाही. उजेड कमी झाला की तो मुकाट्याने शटर संथ करत जातो. फोटोचा उजेड बरोबर येतो, पडद्यावर तो छोटा पाहिला तर छानही दिसतो, आणि तो हललेला आहे हे संगणकावर मोठा केल्यावर कळते. किट लेन्समुळे यात आणखी एक भर पडते. १८ मिलिमीटरवर एफ ३.५ ठेवून १/६० मिळत असेल आणि आपण त्याच जागी उभे राहून ५५ पर्यंत झूम केले, तर लेन्सचे सर्वांत मोठे छिद्रच एफ ५.६ होते आणि शटर सुमारे १/२५ वर येतो. झूम केल्यावर हाताचा कंप अधिक जाणवतो, आणि नेमक्या त्याच वेळी शटर संथ झालेला असतो. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा, जिला निकॉन व्हीआर म्हणते, आपल्या हाताचा कंप बऱ्याच अंशी सावरते. समोरच्या माणसाची हालचाल तिला थोपवता येत नाही. एएफ-पी प्रकारच्या या लेन्सवर व्हीआरचे बटण नाही, ते मेनूमधून चालू करावे लागते, हेही सेकंडहँड घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी तपासावे.

या खोडीवर कॅमेऱ्यातच औषध आहे, आणि ते ऑटो आयएसओच्या मेनूत दडलेले आहे. आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता सांगणारा आकडा; ऑटो आयएसओ चालू असले, की तो कॅमेरा स्वतः बदलतो. त्या मेनूत आयएसओची कमाल मर्यादा आणि शटरची किमान मर्यादा अशा दोन गोष्टी ठरवता येतात. मी कमाल आयएसओ ३२०० आणि किमान शटर १/१२५ ठेवते. मग 'ए' मोडमध्ये उजेड कमी झाला, की कॅमेरा आधी १/१२५ पर्यंतच खाली उतरतो, त्यानंतर आयएसओ वाढवू लागतो, आणि ३२०० ही अपुरे पडले तरच शटर आणखी संथ करतो. ही किमान शटरची अट केवळ 'पी' (छिद्र आणि शटर दोन्ही कॅमेरा ठरवतो तो मोड) आणि 'ए' या मोडमध्ये लागू होते, हे लक्षात ठेवावे. माझ्या मते डी५६०० वर 'ए' मोड वापरायला शिकणे म्हणजे निम्म्याहून अधिक हा मेनू वापरायला शिकणे होय, आणि तो चार पायऱ्या आत पुरून ठेवला आहे ही या कॅमेऱ्याच्या रचनेतील मला सर्वांत न पटणारी गोष्ट आहे. 'माय मेनू'मध्ये त्याला वर आणून ठेवता येते. मी तसे केले आहे.

लेण्यांमध्ये किमान शटरची ही मर्यादा मात्र काढून टाकावी. अजिंठ्याला चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅश वापरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथे मूर्ती आणि भिंती हलत नसतात, त्यामुळे व्हीआरच्या भरवशावर श्वास रोखून १/१० सेकंदालाही हातात धरून फोटो काढता येतो, आणि आयएसओ विनाकारण वाढवावा लागत नाही. तिथे माझा दुसराही एक गैरसमज गेला. काळोखात सभामंडप पुढपासून मागपर्यंत स्पष्ट हवा म्हणून मी एफ ८ धरून बसले होते. वास्तविक १८ मिलिमीटरवर छिद्र पूर्ण उघडे, म्हणजे एफ ३.५ असले आणि फोकस साधारण पाच मीटरवर असला, तरी अडीच मीटरपासून पुढचे सर्व काही ठीक येते. रुंद लेन्सवर खोली फुकट मिळते. ती मिळवण्यासाठी मोलाचा उजेड खर्च करण्याचे कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छतावरच्या प्राचीन लाकडी कमानींचे फोटो मी पुढे याच हिशेबाने काढले, आणि ते मला आजही पाहवतात.

वर्षभराने ३५ मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स घेतली. २०० ग्रॅमची ही लेन्स घेतल्यावर 'ए' मोडचा खरा आनंद कळतो. एक मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो एफ १.८ वर घेतला, तर स्पष्टतेचा पट्टा अवघा सहा सेंटिमीटरचा असतो. म्हणजे जवळच्या डोळ्यावर फोकस केला, की कान विरघळू लागतात. आजीच्या हातातील वाती वळतानाचा एक फोटो मी असा घेतला आहे. बोटे आणि कापूस एवढेच स्पष्ट आहे, आणि मागचे स्वयंपाकघर रंगांच्या ठिपक्यांत मिसळून गेले आहे. अंगठ्याखालचे चाक एकेक खट् करत एफ १.८ वरून २.८, ४, ५.६ कडे फिरवत जावे आणि तोच फोटो पुन्हा पुन्हा घ्यावा. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्टतेची खोली, हा शब्द समजावून घेण्याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. लेन्स घेताना एक काळजी घ्यावी लागते. या कॅमेऱ्याच्या बॉडीमध्ये ऑटोफोकसची मोटर नाही, त्यामुळे एएफ-एस किंवा एएफ-पी असे लिहिलेलीच लेन्स घ्यावी. जुन्या 'डी' मालिकेतील स्वस्त लेन्स इथे बसतात, पण त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो.

'ए' मोड जवळजवळ कधीच हार मानत नाही असे वर म्हटले, त्यातील 'जवळजवळ' या शब्दाचा हिशेब इथे द्यायला हवा. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० वर एफ १६ ठेवले, तर साधारण १/१०० सेकंद पुरतो, हा फिल्मच्या काळापासूनचा आडाखा आहे. त्याच उन्हात एफ १.८ ठेवले, तर उजेड सहा स्टॉपहून अधिक वाढतो आणि १/८००० च्या आसपास शटर लागतो. डी५६०० चे शटर १/४००० ला थांबते. म्हणजे उन्हात पूर्ण उघड्या छिद्राने काढलेला चेहरा सुमारे एक स्टॉप उजळ येणार, आणि कपाळावरचा तपशील पांढरा होऊन जाणार. उपाय दोन आहेत : एफ २.८ वर समाधान मानावे किंवा माणसाला सावलीत न्यावे. दुसरा उपाय फोटोलाही मानवतो आणि माणसालाही.

आता 'एस' मोडकडे वळते, आणि आधीच सांगते की पहिले सहा महिने हा मोड मला आवडला नव्हता. कारण वर सांगितलेल्या गणितातच आहे. आमच्या भागातील एका व्यायामशाळेत संध्याकाळी मुलांचा मल्लखांब चालतो. हालचाल गोठवायची म्हणून मी 'एस' मोडवर १/५०० ठेवले, लेन्स ५५ वर, आयएसओ १००. फोटो जवळजवळ काळे आले. एफ ५.६ आणि १/५०० या जोडीला आयएसओ १०० वर जवळपास उन्हाइतका उजेड लागतो. बंदिस्त दालनात तो पाच-सहा स्टॉप कमी असतो. कॅमेऱ्याने छिद्र पूर्ण उघडले, आणि त्यापुढे त्याच्या हातात काहीच उरले नाही. 'ए' मोड अशा वेळी हललेला फोटो देतो. 'एस' मोड काळा देतो. प्रामाणिकपणा एस मोडचा अधिक, असे म्हणता येईल, कारण त्याचे अपयश तिथल्या तिथे दिसते.

ऑटो आयएसओ चालू केले की 'एस' मोडचे दारिद्र्य संपते. आयएसओ १०० ते ६४०० म्हणजे आणखी सहा स्टॉप, आणि तेवढ्यात मल्लखांबाचा हिशेब जुळतो. ६४०० ला दाणे दिसतात, सावल्यांचे रंग फिके पडतात, पण दाणेदार स्पष्ट फोटो आणि स्वच्छ हललेला फोटो यांत निवड करायची झाल्यास मी पहिलाच घेईन. म्हणून माझा ठाम सल्ला असा, की डी५६०० वर किट लेन्ससह 'एस' मोड ऑटो आयएसओशिवाय वापरूच नये. अपवाद फक्त पाण्याचा आणि रात्रीच्या संथ फोटोंचा, ज्याकडे मी पुढे येतेच.

त्या व्यायामशाळेने आणखी एक धडा दिला. आयएसओ वाढवल्यावर फोटो उजळ आले, परंतु लागोपाठ काढलेल्या पाच फोटोंपैकी एक पिवळसर, एक मंद, एक नीट असा प्रकार दिसू लागला. मला आधी कॅमेऱ्यातील उजेड मोजणारा मीटर बिघडल्याची शंका आली. मीटर ठीक होता; दोष छतावरच्या ट्यूबलाइटचा होता. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या पद्धतीच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/५०० च्या फोटोला त्या लाटेचा एक तुकडाच मिळतो, आणि कोणता तुकडा मिळेल ते नशिबावर. १/१०० ठेवले, तर प्रत्येक फोटोला एक पूर्ण लाट मिळते आणि उजेड सारखा येतो. १/१०० ला मल्लखांबाची उडी गोठत नाही हे खरे, पण मल्लखांबात प्रत्येक उडीनंतर खेळाडू क्षणभर आपल्या आसनावर स्थिर होतो. त्या क्षणाची वाट पाहायला शिकले, आणि फोटो शटरमुळे सुधारले त्याहून अधिक त्या थांबण्यामुळे सुधारले.

मोकळ्या मैदानावर 'एस' मोड आपले सर्व ऋण फेडतो. आषाढात पालखीच्या वाटेवर गोल रिंगण होते, तेव्हा वारकऱ्यांच्या कड्यामधून अश्व धावतो आणि ते दृश्य काही फेऱ्यांत संपते. तिथे छिद्राचा विचार करायला वेळ नसतो. १/१०००, ऑटो आयएसओ, सलग फोटोंचा मोड, बस्स. ढगाळ हवेत आयएसओ ४०० ते ८०० च्या दरम्यान राहतो, आणि घोड्याच्या चारही टापा जमिनीवरून सुटलेल्या असतानाचा क्षण सेकंदाला ५ फोटोंच्या वेगात एखाद्या चौकटीत सापडतो. दुसऱ्या फेरीला मी १/३० वर येते आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेते. दहांतले नऊ वाया जातात. दहाव्यात घोड्याचे डोके स्पष्ट असते आणि मागच्या पताका भगव्या रेषा होऊन जातात, आणि वेग पाहावा तर या फोटोत, १/१००० च्या फोटोत तो थिजलेला असतो. ढोल-ताशाच्या पथकांचेही तसेच आहे : १/५०० ला टिपरू हवेत लटकलेले दिसते आणि वादक नुसता उभा वाटतो, १/६० ला टिपरू पुसट होते, चेहरा स्थिर राहतो, आणि आवाज ऐकू येऊ लागतो.

धबधब्यांचे उलट आहे. पाण्याचा रेशमी पदर हवा असेल, तर १/४ सेकंद किंवा त्याहून संथ शटर लागतो, आणि इथे ऑटो आयएसओ बंद करून तो १०० वर बांधून ठेवावा. ऊन असेल, तर छिद्र एफ २२ पर्यंत मिटूनही १/५० च्या खाली जाता येत नाही; 'एस' मोडवर १/४ ठेवल्यास फोटो पांढराफटक येतो. याला काळसर काचेचा एनडी फिल्टर हाच उपाय. चार स्टॉपचा फिल्टर लावला, की १/४ च्या जवळ पोहोचता येते आणि छिद्रही फार मिटावे लागत नाही, जर आभाळ भरून आलेले असेल. किट लेन्सला ५५ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर बसतो. ठोसेघरला पावसाळ्यात आभाळ बहुधा भरलेलेच असते, हे सोयीचे. भिंगावरचे तुषार पुसत राहावे लागतात, हे गैरसोयीचे.

दोन्ही मोडमध्ये एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन समजल्याशिवाय चालत नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम उजेडाचे मानण्याकडे झुकतो, त्यामुळे पांढऱ्या धोतर-टोप्यांची दिंडी चौकटभर असली, की ती राखाडी येते, आणि काळ्या कातळातील मूर्ती फिकट होते. शटरच्या बटणाजवळचे अधिक-उणे चिन्हाचे बटण दाबून चाक फिरवले, की आपण मीटरला सांगू शकतो : दिंडीसाठी अधिक एक, कातळासाठी उणे एक. मोडनुसार ही दुरुस्ती वेगवेगळ्या ठिकाणी उतरते. 'ए' मध्ये शटर बदलतो, 'एस' मध्ये छिद्र, आणि ऑटो आयएसओ चालू असल्यास पुष्कळदा आयएसओ. एक सावधगिरी : कॅमेरा बंद केल्यावरही हा आकडा तसाच राहतो. लेण्यांतून परतल्यावर दुसऱ्या दिवशी भाचीच्या वाढदिवसाचे सर्व फोटो मी उणे एकवर काढले होते, आणि घरच्यांनी सौजन्याने "जरा संध्याकाळ वाटतेय" एवढेच म्हटले.

रचनेविषयी थोडे. डी५६०० ला फिरवण्याचे चाक एकच आहे. 'एम' मोडमध्ये, जिथे शटर आणि छिद्र दोन्ही आपणच ठरवतो, तेच चाक शटरसाठी, आणि छिद्रासाठी मात्र अधिक-उणे बटण दाबून धरून तेच चाक. दोन बोटांची ही कसरत घाईत चुकतेच. 'ए' आणि 'एस' मोडमध्ये एका वेळी एकच गोष्ट ठरवायची असल्यामुळे एक चाक पुरेसे पडते, आणि म्हणूनच सुरुवातीला मी म्हटले की हा कॅमेरा या दोन मोडसाठी घडवल्यासारखा वाटतो. माहितीच्या पडद्यावर ग्राफिक मांडणी निवडल्यास छिद्राचे चित्र चाकाबरोबर मिटते आणि उघडते. अनुभवी लोकांना ते खेळण्यासारखे वाटेल, माझ्या भाचीला मात्र "आकडा वाढला की भोक लहान" हे कोडे त्या चित्रानेच सुटले. याउलट छिद्र मिटल्यावर स्पष्टता कशी दिसेल हे फोटोआधी व्ह्यूफाइंडरमध्ये पाहण्याची सोय इथे नाही. व्ह्यूफाइंडर नेहमी पूर्ण उघड्या छिद्राचे दृश्य दाखवतो. 'ए' मोडवर प्रेम करणाऱ्याला ही उणीव बोचते. फोटो काढा, मोठा करून पाहा, पुन्हा काढा, हाच मार्ग. घडीचा आणि वळणारा ३.२ इंची टचस्क्रीन असल्याने ते निदान झटपट होते.

आज दोन्ही मोड एकाच डायलवर सहज मिळतात, पण फिल्मच्या काळात निर्मात्यांना बाजू घ्यावी लागत असे. १९७६ चा कॅननचा गाजलेला एई-१ शटर प्रायॉरिटीचा होता. त्याच काळातील इतर अनेक कॅमेरे ॲपर्चर प्रायॉरिटीची बाजू घेत होते, आणि १९७७ मध्ये मिनोल्टाच्या एक्सडी मालिकेने दोन्ही मोड एका बॉडीत आणले. एई-१ वापरणाऱ्याला आयएसओ मधेच बदलण्याची सोय नव्हती, फिल्म जी भरली तीच संपेपर्यंत. सव्वापाच स्टॉपच्या ज्या अडचणीबद्दल मी वर तक्रार केली, ती त्या लोकांनी ३६ फोटोंच्या रोलवर आणि निकाल पाहण्यासाठी आठवडाभर थांबून सोसली, हे आठवले की माझी तक्रार थोडी मऊ होते.

हा कॅमेरा कोणी घ्यावा? केवळ शिकायचे असेल आणि खिसा लहान असेल, तर डी३५०० अधिक हलका आहे, त्यात सोप्या भाषेत समजावणारा गाइड मोडही आहे. त्याचा पडदा मात्र वळत नाही आणि स्पर्शाने चालत नाही. उन्हात उघड्या छिद्राने फोटो काढण्याची किंवा 'एम' मोडची ज्यांना खरी ओढ आहे, त्यांनी डी७५०० पाहावा. त्याला दोन चाके आहेत आणि शटर १/८००० पर्यंत जातो, पण गळ्यात वजनही त्या मानाने वाढते. डी५६०० बॅटरी आणि कार्डासह ४६५ ग्रॅमचा आहे, आणि दिवसभर पठारावर किंवा दिंडीबरोबर चालायचे असल्यास हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सेकंडहँड घेताना दुकानातच 'एस' मोडवर १/४००० पासून ३० सेकंदांपर्यंत प्रत्येक वेगाला एक फोटो काढून शटरचा आवाज ऐकावा, आणि 'ए' मोडवर पांढऱ्या भिंतीचा एफ २२ चा फोटो घेऊन सेन्सरवरची धूळ पाहावी; उघड्या छिद्राला ती धूळ दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वरच्या उजव्या कोपऱ्यात असा एक ठिपका होता, तो मला कास पठाराच्या त्या एफ २२ च्या आकाशात प्रथम दिसला, आणि आजही आकाश काढताना मी एफ ८ च्या पुढे जात नाही त्यामागे विवर्तनाइतकाच तो ठिपकाही आहे.